प्लास्टिकच्या पेटीतलं आतडं

प्रयोगशाळेत शिरताना रुमाल हाताशीच ठेवला होता. गरज पडली नाही. शौचाचा नमुना घट्ट झाकणाच्या डबीतून आला आणि तसाच पेटीत गेला. पेटी म्हणजे टेबलभर पसरलेला पारदर्शक प्लास्टिकचा तंबू, समोरून आत गेलेले दोन लांब रबरी हातमोजे. संशोधक मुलीने त्यांत कोपरापर्यंत हात घातले ते तासभर बाहेर काढले नाहीत. मधेच नाकाला खाज सुटली, तीही सोसली.

आत आपली हवा नव्हती. बहुतांश नायट्रोजन, थोडा कार्बन डायऑक्साइड, थोडा हायड्रोजन. चुकून शिरलेल्या ऑक्सिजनची पॅलेडियमच्या गोळ्यांवर या हायड्रोजनशी गाठ पडते आणि त्याचं पाणी होतं. बाटलीतल्या खाद्यात एक रंगद्रव्य मिसळलेलं. "हे गुलाबी झालं, की ऑक्सिजन घुसला समजायचं," ती म्हणाली.

एवढा बंदोबस्त फिकॅलिबॅक्टेरियम प्राउस्निट्झिआय या ऑक्सिजन न सोसणाऱ्या जिवाणूसाठी. निरोगी माणसाच्या मोठ्या आतड्यात हा मुबलक. क्रोन्स डिसीज या आतड्याच्या दाहाच्या आजारात बऱ्याचदा रोडावलेला. आतड्याचा रोगट तुकडा काढलेल्या ज्या रुग्णांत तो कमी, त्यांचा आजार उलटण्याचा धोका जास्त, असं फ्रेंच संशोधकांना 2008 मध्ये आढळलं.

हा जिवाणू न पचलेला चोथा आंबवून ब्युटिरेट बनवतो. मोठ्या आतड्याच्या अस्तरातल्या पेशींचं हे मुख्य इंधन. ते जाळताना पेशी ऑक्सिजन संपवतात, त्यामुळे तो आतल्या पोकळीत फारसा पोचत नाही. म्हणजे पॅलेडियमच्या गोळ्यांचंच काम! जिवाणू अस्तराला पोसतो, अस्तर त्याचं घर राखतं. दाह झाला की हा व्यवहार मोडतो, ऑक्सिजन झिरपतो आणि ई. कोलायसारखे हवेत-बिनहवेत दोन्हीकडे निभावणारे माजतात. आधी जिवाणू गेला की आधी दाह आला, यावर वाद चालतो. मला तरी वाटतं, चक्र एकदा फिरू लागलं की दोघंही एकमेकांना ढकलत असणार.

"मग दही-ताक?" मी विचारलंच.

"खा की. पण हा त्यात नसतो."

निघताना तिने आधीच वाढवलेली एक प्लेट बाहेर काढून दाखवली. बारीक, फिकट ठिपके. मी चष्मा पुसून वाकून पाहीपर्यंत काही मिनिटं गेली. त्यातलेच ठिपके तिने पुन्हा पेटीत नेऊन नव्या प्लेटवर पेरले. पुढच्या आठवड्यात फोन केला, तर त्या प्लेटवर काहीच उगवलं नव्हतं.