भंडाऱ्याचे पाणी आणि दूरचा प्रवास

आम्हां बऱ्हाणपूरकरांकडे पाहुणे आले, की त्यांना कुंडी भंडारा दाखविल्यावाचून आम्ही निरोप देत नाही. सुमारे 80 फूट खाली उतरल्यावर सातपुड्याच्या डोंगरांतून झिरपलेले पाणी अंधारात संथपणे वाहताना दिसते. अब्दुर्रहीम खानखानांच्या काळात, 1615 साली, एका इराणी भूगर्भवेत्त्याने आखलेल्या या योजनेत ना मोट, ना पंप. केवळ उताराच्या बळावर पाणी शहराकडे येते.

मध्यंतरी असेच खाली उभे असताना पाहुण्यांच्या शाळकरी मुलाने विचारले, "मंगळावर जाणाऱ्यांना पाणी कोण देणार?" आम्ही हसलो खरे, परंतु प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नव्हता.

एप्रिल 1970 मध्ये चंद्राकडे निघालेल्या अपोलो 13 यानात प्राणवायूच्या टाकीचा स्फोट झाला. वीज निर्माण करताना पाणीही देणारे विद्युत्‌घट बंद पडले, आणि उरलेले पाणी यंत्रे थंड ठेवण्यासाठी राखावे लागले. तिघे अंतराळवीर दिवसाकाठी जेमतेम पेलाभर पाण्यावर राहिले. त्यांतील फ्रेड हेज आजारीही पडले. सुदैवाने तो प्रवास काही दिवसांचा होता.

चौघांना चंद्राकडे नेण्यासाठी बांधलेल्या ओरायन यानात सुमारे 240 किलो पाण्याची सोय आहे. तेवढे 21 दिवसांच्या सफरीला पुरते. मंगळाची जाऊन-येऊन यात्रा मात्र दोन-तीन वर्षांची. एवढे पाणी बरोबर नेणे अशक्यप्राय; तेव्हा तेच पुनःपुन्हा शुद्ध करून वापरणे आले. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर मूत्र, घाम व श्वासातील बाष्प यांपासून पाणी मिळविण्याचे प्रमाण 2023 साली 98 टक्क्यांवर पोहोचले.

मग अडचण कोणती? 2024 साली त्याच यंत्रणेतील एक पंप बिघडला. सुनीता विल्यम्स आणि बुच विल्मोर जूनमध्ये निघाले, तेव्हा नवा पंप नेण्यासाठी त्यांच्या सामानाच्या दोन पेट्या उतरविण्यात आल्या. स्थानक जमिनीपासून सुमारे 400 किलोमीटरवर, म्हणून हे जमले. मंगळाच्या वाटेवर सुटा भाग धाडणार कोण?

म्हणूनच दूरच्या यानाची खरी कसोटी वेगाची नव्हे. बिघडलेली वस्तू आतल्या माणसांना स्वतःच्या हातांनी दुरुस्त करता येते की नाही, याची आहे. आमच्या भंडाऱ्याच्या कर्त्यांनी हे ओळखले होते. जागोजागी कुंड्या ठेवून त्यांनी माणसाला आत उतरण्याची, गाळ काढण्याची वाट मोकळी ठेवली. मात्र उतरणारा हवा! भुयारात चुन्याचे थर साचतात आणि दुर्लक्ष झाले, की झरा आटू लागतो.

पाणी देणारा दूर कोणी नसतो. ते राखणाराच असतो, हे त्या मुलाला आम्ही सांगितले. घरी परतल्यावर त्याने गळणारा नळ घट्ट बंद केला, एवढे आम्ही पाहिले.