क्लच नवा, तरी गिअर पडेना

गाडी गॅरेजमधून घरी आलेली असते. क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग असा अख्खा सेट नवा, बिलही चुकतं केलेलं. आणि सोसायटीच्या पार्किंगमध्ये रिव्हर्स टाकायला जावं तर गिअरबॉक्समधून खर्रकन आवाज येतो. पेडल तळापर्यंत दाबलेलं, तरी पहिला गिअर पडत नाही. जबरदस्तीनं टाकलाच, तर पेडलवर पाय असतानाच गाडी पुढे सरकू लागते. इंजिन बंद केलं की मात्र सगळे गिअर अलगद पडतात. गॅरेजला फोन केला तर ठरलेलं उत्तर मिळतं, ''नवीन आहे साहेब, थोडी चालवा, रुळेल.''

रुळत नाही. नव्या प्लेटला रुळायला जो वेळ लागतो तो पकडीसाठी, सुटण्यासाठी नाही. क्लच पहिल्या दिवसापासून पूर्ण सुटला पाहिजे. तो सुटत नसताना गाडी चालवत राहिलं, तर गिअरबॉक्समधल्या, गिअर पडताना वेग जुळवणाऱ्या सिंक्रो रिंगा झिजतात आणि क्लचच्या खर्चावर गिअरबॉक्सचा खर्च चढतो.

दोष शोधायचा तर आत काय घडतं ते आधी समजून घ्यायला हवं. इंजिनाला जोडलेलं फ्लायव्हील आणि त्यावर बोल्टांनी आवळलेली प्रेशर प्लेट यांच्यामध्ये क्लच प्लेट दाबून धरलेली असते. या प्लेटच्या मधल्या खाचा गिअरबॉक्सच्या शाफ्टवर बसतात. प्रेशर प्लेटमध्ये उथळ बशीसारखी एक स्प्रिंग असते, तिला मध्याकडे जाणाऱ्या पाकळ्या असतात. पेडल दाबलं की रिलीज बेअरिंग या पाकळ्या आत ढकलतं आणि प्रेशर प्लेट मागे सरते. पायाखाली पेडल साधारण 12 ते 15 सेंटिमीटर जातं. पाकळ्यांच्या टोकाशी पोचेपर्यंत त्याचे 8-10 मिलीमीटर उरतात, आणि प्रेशर प्लेट उचलली जाते ती जेमतेम दीड-दोन मिलीमीटर. ती फटही प्लेटच्या दोन्ही बाजूंना वाटली जाते. म्हणजे प्लेट प्रत्यक्षात सुटी होते ती मिलीमीटरच्या काही हिश्शांनी. पेडलपासून पाकळ्यांपर्यंतच्या वाटेत थोडी हालचाल हरवली, तरी प्लेट घासत राहते.

त्यामुळे पहिला प्रश्न एकच: हालचाल पुरेशी पोचते आहे का? नसेल तर दोष बाहेर आहे आणि गिअरबॉक्सला हात लावायची गरज नाही. पोचत असेल तर दोष आत आहे. हे तपासायला पट्टी आणि दोन माणसं पुरतात. इंजिन बंद ठेवून एकानं पेडल दाबायचं, दुसऱ्यानं गिअरबॉक्सवरच्या रिलीज लिव्हरला पट्टी लावून तो किती सरकतो ते मोजायचं. बहुतेक गाड्यांत तो निदान सेंटिमीटरभर तरी सरकला पाहिजे. नेमका आकडा कंपनीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतो. काही हायड्रॉलिक क्लचच्या गाड्यांत मात्र ऑइलच्या दाबानं बेअरिंग ढकलणारा स्लेव्ह सिलिंडर गिअरबॉक्सच्या आतच, शाफ्टभोवती बसवलेला असतो. तिथे बाहेरून मोजायला काही सापडत नाही, पेडलच्या वागण्यावरूनच अंदाज बांधावा लागतो.

मोजण्याआधी पायाखाली बघा. हल्ली गाडीत जाडजूड मॅट बसवतात, त्यावर आणखी एक रबरी मॅट टाकतात. दोन्ही मिळून पेडलची बोटभर हालचाल सहज खातात.

केबलवाल्या गाड्यांत, म्हणजे मारुती 800 पासून पुढच्या कितीतरी छोट्या गाड्यांत, सर्वात जास्त वेळा चुकतं ते वायरचं सेटिंग. जुनी प्लेट झिजत जाते तशी प्रेशर प्लेट फ्लायव्हीलकडे सरकते आणि तिच्या पाकळ्या बाहेर, बेअरिंगच्या दिशेनं येतात. पेडलचा प्ले, म्हणजे सुरुवातीची मोकळी हालचाल, कमी होत जातो, म्हणून दर काही महिन्यांनी मेकॅनिक वायर थोडी ढिली करतो. नवी जाड प्लेट बसली की पाकळ्या परत आत जातात. वायर मात्र जुन्या झिजलेल्या प्लेटच्या हिशेबानं ढिलीच राहिलेली असते. मग पेडलचा अर्धा प्रवास वायरचा सैलपणा काढण्यातच संपतो. लिव्हरजवळचा नट आवळून प्ले योग्य केला की बऱ्याच गाड्या तिथल्या तिथे सुधारतात. तरीही सुधारली नाही, तर वायरच्या टोकाशी तारा तुटल्यात का आणि बाहेरची नळी दुमडली आहे का ते पाहावं. नव्या सेटसोबत जुनी वायर ठेवणं ही खोटी काटकसर आहे. आवळण्यातही अती नको. प्ले अजिबात उरला नाही तर बेअरिंग सतत फिरत राहतं आणि क्लच घसरू लागतो.

हायड्रॉलिक क्लचमध्ये वायरच्या जागी ब्रेक ऑइल असतं. पाइप सोडला असेल तर आत हवा शिरते. ऑइल दाबलं जात नाही, हवा दाबली जाते, म्हणून पायाचा जोर लिव्हरपर्यंत पोचत नाही. ओळखायची खूण अशी: पेडल भराभर चार-पाच वेळा मारल्यावर गिअर पडू लागला, तर हवा अडकली आहे किंवा पेडलजवळच्या मास्टर सिलिंडरचे रबर सील गेले आहेत. पेडल दाबून धरल्यावर हळूहळू खाली जात असेल, तर संशय सीलवरच जास्त. हवा काढणं हे दोघांचं काम. गाडीखाली झोपलेला मिस्त्री ओरडतो, ''दाब... धर!'' आत बसलेला पोरगा म्हणतो, ''धरलंय!'' निप्पल सुटतं, बुडबुडे मिसळलेलं ऑइल नळीतून येतं, निप्पल बंद होतं, आणि मगच हुकूम येतो, ''सोड.'' हा क्रम चुकला की काढलेली हवा पुन्हा आत ओढली जाते. ऑइल झाकणावर लिहिलेल्या ग्रेडचंच हवं. साधं इंजिन ऑइल चुकूनही टाकलं तर रबर फुगून सगळे सील जातात. स्लेव्ह सिलिंडर आत असलेल्या गाड्यांत आणखी एक धोका असतो. गिअरबॉक्स बसण्यापूर्वी कुणी पेडल दाबलं, तर त्याचा पिस्टन बाहेर फेकला जाऊ शकतो.

लिव्हर पूर्ण सरकतो आणि तरी गिअर खरखरतो, तेव्हा मात्र गिअरबॉक्स उतरवावा लागतो. तिथे पहिला संशय प्लेट उलटी बसल्याचा. प्लेटच्या मधल्या भागात स्प्रिंगांचा उंचवटा असतो, तो बहुतेक गाड्यांत गिअरबॉक्सकडे हवा. उलटी बसली तर तो फ्लायव्हीलच्या बोल्टांना टेकतो आणि प्लेट सुटतच नाही. कोणती बाजू कुठे हे बहुतेक प्लेटांवर छापलेलं असतं. वाचायला क्षणभर लागतो.

दुसरा दोष जास्त वाईट, कारण तो डोळ्याला सहज दिसत नाही. गिअरबॉक्स चढवताना त्याचं वजन क्षणभरही शाफ्टवर लटकलं, तर ते सगळं प्लेटच्या हबवर येतं आणि प्लेट वाकते. अर्धा मिलीमीटर वाकलेली प्लेटही घासू लागते, कारण मुळात फटच तेवढी असते. प्लेट सेंटर न करता प्रेशर प्लेट आवळली, शाफ्ट शिरेना म्हणून बोल्टांनी गिअरबॉक्स ओढून घेतला, तरी हेच होतं. म्हणूनच चांगले मेकॅनिक खाली जॅक लावून गिअरबॉक्स हातांनी सरळ सरकवतात आणि तो पूर्ण बसल्यावरच बोल्ट आवळतात.

उरलेली कारणं थोडक्यात. बेअरिंग ढकलणारा फोर्क पिव्हटवरून निसटलेला किंवा झिजलेला. शाफ्टच्या खाचा गंजलेल्या, त्यामुळे प्लेट सरकत नाही. तिथे ग्रीसचा पुसटसा हात पुरतो, जास्त लावलं तर ते लायनिंगवर उडतं. काही गाड्यांत फ्लायव्हीलच्या मध्यात पायलट बेअरिंग असतं, ते जाम झालेलं. आणि फ्लायव्हील लेथवर नको तितकं घासून आणल्यानं प्रेशर प्लेट इंजिनाकडे सरकून बेअरिंगपासून दूर गेलेली. दुसऱ्याच मॉडेलचा सेट बसवला गेला असेल, तेही जुनी आणि नवी प्लेट शेजारी ठेवल्याशिवाय कळत नाही.

दुसऱ्यांदा गिअरबॉक्स उतरवायचा म्हणजे पुन्हा दिवसभराचं काम आणि पुन्हा मजुरी कुणी द्यायची हा वाद. तो टाळायचा असेल तर काम देतानाच सांगून ठेवा: जुने भाग मला दाखवल्याशिवाय टाकू नका, वायर किंवा स्लेव्ह सिलिंडरही तपासा, आणि गाडी ताब्यात देण्याआधी रिव्हर्स टाकून दाखवा. बऱ्याच गाड्यांत रिव्हर्सला सिंक्रो नसतो, त्यामुळे न सुटणारा क्लच आधी तिथेच बोलतो. पेडल दाबून तीन-चार सेकंद थांबा, मग रिव्हर्स टाका. तरीही खरखरला, तर गाडी घेऊन निघू नका. आधी तुमच्यासमोर लिव्हर मोजायला लावा.