सत्तर चिन्हांत मराठी

सन १९९२ च्या डिसेंबरच्या ३ तारखेस इंग्लंडांत नील पॅपवर्थ नांवाच्या तरुण अभियंत्यानें नाताळच्या शुभेच्छांचा पहिला एसएमएस धाडला, तो फोनवरून नव्हे, संगणकावरून. तो ज्यांस गेला त्या व्होडाफोनच्या रिचर्ड जार्विस यांच्या फोनवरून उलट उत्तर लिहिण्याची सोयच नव्हती! तेव्हां संगणकावरून संदेश पाठविणें हें आज कोणास तज्ज्ञांचें खूळ वाटलें, तरी या विद्येचा आरंभ तेथूनच झाला आहे.

कृति अवघड नाहीं. सिमकार्ड घातलेला मोडेम संगणकास जोडावा आणि 'गॅमू' हा फुकट मिळणारा प्रोग्राम घ्यावा. मग कमांड लाइनवर, म्हणजे जेथें चित्रांवर बोट न ठेवतां लेखी आज्ञा द्यावयाची असते तेथें, प्रोग्रामचें नांव, नंबर व मजकूर एका ओळींत लिहिला कीं काम झालें. मोडेमला आंतून ज्या आज्ञा जातात त्या 'एटी' या अक्षरांनीं सुरू होतात. 'लक्ष दे' अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दाचीं तीं पहिलीं दोन अक्षरें. (आमच्या घरांतील मुलांनाही अशी आज्ञा लागू पडती तर!) नंबरांची यादी एका फाइलींत ठेवून चार ओळींची आज्ञावली लिहिली, तर मुंजीची तारीख साऱ्या गोतावळ्यास एका दमांत कळवितां येते.

आतां अडचण मराठीची. एका संदेशांत १४० बाइट, म्हणजे १,१२० बिट मावतात. साधें इंग्रजी अक्षर ७ बिटांत बसतें, म्हणून तीं १६० जातात; देवनागरीस सामान्यतः चिन्हागणिक १६ बिट लागतात, म्हणून तीं अवघीं ७०. तींही अक्षरें नव्हत, चिन्हें! 'ज्ञानेश्वर' हें नांव आपण चार अक्षरांत वाचतों. यंत्र काना, मात्रा व प्रत्येक मोडलेला पाय निराळा धरून दहा मोजतें. सत्तरांची मर्यादा ओलांडली कीं संदेशाचे तुकडे पडतात, आणि ते जोडण्याच्या खुणेस जागा गेल्यानें प्रत्येकांत ६७ च चिन्हें राहतात. जेथें संदेशामागें दर असतो, तेथें आकार तुकड्यागणिक पडतो.

या काटकसरीपायीं मराठी मजकूर रोमन लिपींत लिहिण्याची चाल पडली आहे. आम्हांस ही काटकसर महाग वाटते. एसएमएस इंटरनेट नसलेल्या साध्या फोनवरही पोंचतो, आणि असा फोन बहुधा वडीलधाऱ्या मंडळींच्याच हातीं असतो. गांवाकडील आत्याबाईंनीं 'मला' कीं 'माळा', 'पण' कीं 'पान' हें ओळखीत बसावें, तेंही आजारपणाच्या किंवा सुतकाच्या निरोपांत, हें बरें नव्हे. दोन तुकड्यांचे पैसे पडले तरी पडोत. गॅमूच्या आज्ञेंत 'युनिकोड' ही खूण घातली म्हणजे देवनागरी जशीच्या तशी जाते. ती विसरल्यास अक्षरांच्या जागीं प्रश्नचिन्हें उमटण्याचा संभव.

शिवाय लांबण लावण्याचें कारणच काय? तारेचा शब्द न् शब्द जेथें मोजला जाई, त्या घरांस हें नवें नाहीं. आपली तारसेवा जुलै २०१३ मध्यें बंद झाली, तरी ती हातोटी वडिलांपाशीं असेलच. 'शस्त्रक्रिया झाली, आजी बरी आहे, उद्यां या.' विरामचिन्हें व मोकळ्या जागा धरून हीं ४२ भरतात. खालीं नांव घालावयास २८ उरतात.