विश्लेषण : जुन्या ऑटोमॅटिक गाड्यांचा गिअरबॉक्स घाटात का तापतो? ‘ओ/डी’ बटण नेमके कधी वापरायचे?

नाशिकहून मुंबईला जाताना कसारा घाटाचा उतार लागतो आणि परतताना तोच घाट चढावा लागतो. कसारा ते इगतपुरी हा चढ इतका तीव्र आहे की रेल्वेमार्गावर १:३७ चा उतार असून गाड्यांना ढकलण्यासाठी जादा ‘बँकर’ इंजिने लावावी लागतात. रस्त्याने चढणाऱ्या मोटारींना असा मदतनीस नसतो. त्यातही दहा-पंधरा वर्षे जुनी ऑटोमॅटिक गाडी, चार माणसे, मागे सामान, मे महिन्याचे ऊन, सुरू असलेला एसी आणि पुढे ट्रकची रांग असेल, तर सर्वाधिक ताण गिअरबॉक्सवर येतो. इंजिन तापले की काटा वर जातो. गिअरबॉक्ससाठी मात्र बहुतेक जुन्या गाड्यांत असा काटाच नाही. त्यामुळे बिघाड कळतो तेव्हा उशीर झालेला असतो आणि दुरुस्तीचा खर्च अनेकदा गाडीच्या किमतीशी स्पर्धा करू लागतो. हे कसे टाळता येईल?

ओव्हरड्राइव्ह म्हणजे काय?

जुन्या चार-स्पीड ऑटोमॅटिकमध्ये तिसरा गिअर साधारण १:१ चा असतो, म्हणजे इंजिनचा एक फेरा आणि गिअरबॉक्समधून बाहेर पडणाऱ्या शाफ्टचाही एक फेरा. चौथ्या गिअरचे गुणोत्तर ०.७ च्या आसपास असते. इथे शाफ्ट इंजिनपेक्षा जास्त वेगाने फिरतो. हाच ओव्हरड्राइव्ह. त्याच वेगाला इंजिनचे फेरे सुमारे ३० टक्क्यांनी कमी होतात, आवाज घटतो आणि पेट्रोल वाचते. १९७० च्या दशकातील तेलसंकटानंतर असे गिअरबॉक्स झपाट्याने पसरले. फोर्डने १९८० मध्ये आणलेल्या चार-स्पीड गिअरबॉक्सचे नावच ‘ऑटोमॅटिक ओव्हरड्राइव्ह’ होते.

भारतात ह्युंदाई आय-१०, मारुती ए-स्टार, रिट्झ आणि डिझायर यांच्या जुन्या चार-स्पीड ऑटोमॅटिक आवृत्त्यांमध्ये गिअर लिव्हरवर ‘ओ/डी’ बटण दिसते. अनेकांचा गोंधळ इथेच होतो. डॅशबोर्डवर ‘ओ/डी ऑफ’ हा दिवा पेटला म्हणजे ओव्हरड्राइव्ह बंद आहे. दिवा विझलेला असेल तर ओव्हरड्राइव्ह चालू आहे. काही गाड्यांत हाच दिवा लुकलुकू लागला तर तो गिअरबॉक्समधील बिघाडाचा इशारा असतो.

उष्णता येते कुठून?

ऑटोमॅटिक गाडीत इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये क्लच प्लेटऐवजी टॉर्क कन्व्हर्टर असतो. समोरासमोर ठेवलेल्या दोन पंख्यांसारखी त्याची रचना असते. एक पंखा इंजिन फिरवते, तो तेल ढकलतो आणि त्या तेलाच्या जोरावर दुसरा फिरतो. दोघांच्या वेगात फरक पडला की तेवढी शक्ती वाया जाते आणि तिची थेट उष्णता होते.

समजा, चढावर इंजिन १५ किलोवॉट शक्ती देत आहे आणि त्यातील २० टक्के कन्व्हर्टरमध्ये हरवते. म्हणजे ३ किलोवॉट. घरातील २ किलोवॉटचे दीड गीझर सतत काही लिटर तेल तापवत आहेत, असे हे चित्र आहे. सपाट रस्त्यावर ठरावीक वेगाला ‘लॉक-अप’ क्लच दोन्ही भाग एकमेकांना जोडतो आणि ही गळती जवळपास थांबते. घाटात वेग कमी आणि भार जास्त असल्याने हा क्लच वारंवार सुटतो.

घाटात ओव्हरड्राइव्ह बंद का करावा?

ओव्हरड्राइव्ह चालू ठेवून घाट चढताना गाडी दोन गिअरमध्ये घुटमळते. वळणावर पाय जरा हलका केला की चौथा पडतो, पुढच्या चढावर दम लागतो आणि पुन्हा तिसरा. दर बदलात आतल्या क्लच प्लेट क्षणभर घासतात. कसाऱ्यात किंवा नांदुरीहून सप्तशृंगी गडावर चढताना हे पुनःपुन्हा घडते.

बटण दाबून ओव्हरड्राइव्ह बंद केला की गाडी तिसऱ्याच्या वर जात नाही. इंजिनचे फेरे वाढतात आणि आवाजही वाढतो. त्यात घाबरण्यासारखे काही नाही. उलट गिअरबॉक्समधील तेलाचा पंप इंजिनच्या वेगानेच फिरतो. फेरे वाढले की तेल कूलरमधून जास्त वेगाने जाते. उतारावरही हाच उपाय उपयोगी आहे, कारण इंजिनचा ब्रेक मिळतो आणि ब्रेक कमी तापतात. उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये सोडणे मात्र धोकादायक.

समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. इगतपुरीजवळील सुमारे ८ किलोमीटरच्या बोगद्यामुळे कसारा घाट टाळता येतो. अशा सरळ, मोकळ्या रस्त्यावर ओव्हरड्राइव्ह चालूच ठेवावा. तिथे तो बंद ठेवल्यास पेट्रोल विनाकारण जळते.

किती तापमान धोक्याचे?

गिअरबॉक्समधील तेल, म्हणजे एटीएफ, साधारण ८० ते ९० अंश सेल्सिअसला नीट काम करते. या क्षेत्रातील ढोबळ ठोकताळा असा की, त्यापुढे दर ११ अंशांना तेलाचे आयुष्य निम्मे होते. १२० अंशांच्या आसपास तेलाचा चिकट थर आतील बारीक वाहिन्यांत बसू लागतो, त्यापुढे रबरी सील कडक होतात आणि १५० अंशांकडे क्लच प्लेट घसरू लागतात. घसरण वाढली की उष्णता आणखी वाढते. म्हणजे एकदा सुरू झालेले हे चक्र आपोआप थांबत नाही.

जुन्याच गाड्यांना जास्त त्रास का?

बहुतेक गाड्यांत एटीएफचा कूलर रेडिएटरच्या टाकीतच बसवलेला असतो. रेडिएटर चोंदला की इंजिनासोबत गिअरबॉक्सही तापतो. वर्षानुवर्षे कूलंटऐवजी बोअरवेलचे जड पाणी भरलेल्या गाडीत क्षारांचा थर जमतो. एसीचा कंडेन्सर रेडिएटरच्या पुढेच असल्याने वाहतूक कोंडीत रेडिएटरला आधीच गरम झालेली हवा मिळते. टाकीतील कूलर आतून फुटला तर पाणी आणि एटीएफ एकत्र होऊन तेल स्ट्रॉबेरी मिल्कशेकसारखे गुलाबी, दुधाळ दिसते. असे दिसल्यास गाडी अजिबात चालवू नये.

मालकाने काय तपासावे?

* डिपस्टिक असल्यास दर महिन्याला तेल पाहावे. बहुतेक गाड्यांत सपाट जागी, गरम इंजिन चालू ठेवून पातळी बघतात. होंडाच्या अनेक मॉडेलमध्ये इंजिन बंद करून लगेच बघतात. त्यामुळे आधी गाडीचे मॅन्युअल पाहावे.
* तेल लाल आणि पारदर्शक हवे. तपकिरी-काळे झाले असेल किंवा जळका वास येत असेल तर ते बदलण्याची वेळ टळून गेली आहे.
* पातळी कमी असणे वाईट, तसेच जास्त असणेही वाईट. जादा तेलाला फेस येतो आणि दाब कमी होतो.
* मॅन्युअलमध्ये लिहिलेलेच एटीएफ वापरावे. टोयोटाच्या अनेक जुन्या गाड्यांना टी-४, तर ह्युंदाईच्या अनेक गाड्यांना एसपी-३ लागते. ‘कुठलेही चालते’ हा सल्ला महागात पडतो.
* तळाचा बोल्ट काढून सगळे तेल निघत नाही; बरेचसे कन्व्हर्टरमध्ये उरते. त्यामुळे काही दिवसांच्या अंतराने दोन-तीन वेळा बदलणे हा सुरक्षित मार्ग आहे.
* नेहमी घाटातून जाणाऱ्यांना रेडिएटरसमोर वेगळा एटीएफ कूलर बसवता येतो. हे काम ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची माहिती असलेल्या गॅरेजमध्येच करावे.

घाटातच गाडी तापली तर?

पिकअप पडणे, इंजिनचे फेरे वाढूनही वेग न वाढणे, गिअर झटक्याने पडणे आणि जळका वास ही लक्षणे आहेत. सुरक्षित जागा पाहून गाडी बाजूला घ्यावी, हँडब्रेक ओढून ‘पी’मध्ये टाकावी आणि एसी बंद करावा. इंजिनचा काटा सामान्य असेल तर इंजिन बंद करू नये. ते चालू राहिले तरच तेल कूलरमधून फिरते. काटा लाल भागात असेल किंवा वाफ येत असेल तर मात्र इंजिन ताबडतोब बंद करावे आणि गरम रेडिएटरचे झाकण उघडू नये.

कोंडीत चढावर अॅक्सिलरेटर हलकासा दाबून गाडी जागेवर धरून ठेवण्याची सवय सर्वांत घातक. त्या वेळी चाके थांबलेली असतात आणि इंजिनची सगळी शक्ती तेल तापवण्यात जाते. गाडी ब्रेकवरच धरावी.

गाडी ओढून न्यावी लागली तर पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीची पुढची चाके उचललेली हवीत किंवा गाडी सपाट ट्रकवर चढवावी. इंजिन बंद असताना तेलाचा पंप फिरत नाही, त्यामुळे चाकांबरोबर फिरणारे गिअर कोरडे घासतात.

हे सगळ्याच ऑटोमॅटिक गाड्यांना लागू आहे का?

नाही. २०१४ मध्ये सेलेरिओपासून भारतात लोकप्रिय झालेल्या एएमटी गाड्यांत टॉर्क कन्व्हर्टर नसतो. मॅन्युअल गिअरबॉक्सचाच क्लच तिथे यंत्र दाबते. सीव्हीटी गाड्यांचे तेलही वेगळे असते आणि त्यात साधे एटीएफ टाकल्यास नुकसान होते. म्हणून सेकंडहँड ‘ऑटोमॅटिक’ घेताना गिअरबॉक्स नेमका कोणत्या प्रकारचा आहे आणि त्याचे तेल शेवटचे कधी बदलले, हे दोन प्रश्न व्यवहार ठरण्याआधी विचारावेत. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी नव्याने करावी लागते. त्या टप्प्यावर आलेल्या गाडीत आणखी पैसे घालायचे की नाही, हे बहुतेक वेळा गिअरबॉक्सच्या प्रकृतीवरच ठरते.