शिडाच्या नौकेची निगा, लेखांक ९ : छताचं लोंबणारं अस्तर

गेल्या आठवड्यात खिडक्यांच्या चौकटी उतरवून पुन्हा बसवण्याबद्दल लिहिलं होतं. चौकटी निघालेल्या असतानाच उरकून घ्यावं असं एक काम आहे. छताच्या आणि बाजूंच्या अस्तराच्या कडा जुन्या नौकांमध्ये बहुधा त्या चौकटींखालीच दाबलेल्या असतात.

उदाहरणाला वेस्टर्ली सेंटॉर ही ब्रिटिश नौका घेऊ. लॉरेंट जाइल्स यांच्या कार्यालयात आखलेली ही २६ फुटी नौका १९६९ साली आली आणि पुढं तिच्या दोन हजारांहून अधिक प्रती बांधल्या गेल्या. तळाशी दोन कील असल्यानं ओहोटीला ती चिखलावर सरळ उभी राहते, म्हणून इंग्लंडच्या खाड्यांमध्ये ती लोकांची लाडकी. फायबरचं अंग आजही ठणठणीत असतं. केबिनमध्ये शिरलं की मात्र डोक्यावरचं रेक्झिन खाली आलेलं दिसतं.

त्या काळी रेक्झिनच्या पाठीला फोमचा पातळ थर असे आणि ते सरळ फायबरवर चिकटवत. काम झटपट होई, फायबरचा खडबडीतपणा झाकला जाई आणि थंड छतावर वाफेचे थेंब कमी धरत. घात केला तो फोमनं. पॉलिएस्टर जातीच्या पॉलियुरेथेन फोमचे रेणू ओलाव्यानं हळूहळू तुटत जातात. केबिनमध्ये रात्रभर श्वासाची आणि स्वयंपाकाची वाफ कोंडते आणि काही वर्षांत फोमचा चिकट, तपकिरी भुगा होतो. वर गोंद फायबरला घट्ट असतो, खाली रेक्झिन धड असतं. दोघांना धरणारा मधला थरच उरत नाही. म्हणूनच सुईनं गोंद टोचणं किंवा बटणं ठोकणं फुकट जातं. आपल्याकडे कपाटात जपून ठेवलेल्या बुटांचे तळवे पावसाळ्यानंतर पायाखाली भुगा होतात, त्यामागंही बहुतेकदा हेच रसायन असतं.

जुनं रेक्झिन काढायला ताकद लागत नाही. एक कोपरा धरून ओढला की अख्खा पट्टा हातात येतो आणि त्यामागोमाग भुगा डोळ्यांत, कानांत, कॉलरमध्ये. गॉगल, मास्क, पूर्ण बाह्या हव्यातच. पट्टे फेकू नका. पाठीवर पेनानं नाळेच्या, म्हणजे नौकेच्या पुढच्या टोकाच्या, दिशेचा बाण आणि जागेचं नाव लिहून ठेवा; नवीन कापड बेतायला याहून चांगला नमुना मिळणार नाही. उरलेला फोम आधी पात्यानं, मग कडक नायलॉनच्या ब्रशनं खरवडायचा. ड्रिलला तारेचा ब्रश लावला तर काम लवकर होतं, पण धूळ भयंकर उडते आणि हात जरा रेंगाळला की काचेचे तंतू उघडे पडतात. जुन्या गोंदाचा पातळ, पक्का थर राहिला तर राहू द्या. तळहात फिरवावा, हाताला काही लागलं नाही की जागा तयार.

आता डेकवरच्या सामानाचे बोल्ट उघडे दिसतात, आणि त्यांच्याभोवतीचे पाण्याचे ओघळही. गळती आधी बंद करा. माझं स्पष्ट मत असं, की छताच्या सपाट भागावर पुन्हा काहीही चिकटवू नये. पुढच्या वेळी बोल्ट गळला तर तिथं पोचता आलं पाहिजे. ४ मिलिमीटरच्या मरीन प्लायचे तुकडे कापावेत, दोन्ही बाजू आणि खास करून कडा इपॉक्सीनं बंद कराव्यात, वर साधं, फोम नसलेलं रेक्झिन ताणून मागं स्टेपल मारावेत. स्टेपल स्टेनलेस स्टीलचेच, नाहीतर गंजाचे डाग कडेनं बाहेर येतात. छताला लाकडी पट्ट्या इपॉक्सीनं चिकटवून त्यांवर हे तुकडे छोट्या स्क्रूंनी बसवायचे. स्क्रू पट्टीतच थांबला पाहिजे. डेकच्या गाभ्यात बाल्सा लाकूड असेल आणि त्यात भोक गेलं तर पाणी आत शिरून गाभा कुजतो.

बाजूच्या वळणांवर प्लाय वाकत नाही, तिथं चिकटवणं भाग आहे. गादी हवीच असेल तर पाणी न शोषणारा बंद पेशींचा फोम घ्या. सोफेवाले वापरतात तसलं रबरी सोल्यूशन चालतं, पण ते रेक्झिनसाठी आणि उष्णतेसाठी बनवलेलं आहे का ते विचारून घ्या. साधं सोल्यूशन उन्हानं तापलेल्या डेकखाली मऊ पडतं, शिवाय रेक्झिनमधलं तेलही त्याला ढिलं करतं. दोन्ही पृष्ठभागांना लावायचं, बोटाला चिकटेनासं होईपर्यंत थांबायचं, मग मधून कडांकडे दाबत जायचं. एकदा टेकलं की सरकवता येत नाही, म्हणून कापडाचं दुसरं टोक धरायला माणूस हवा.

या सोल्यूशनची वाफ पेट घेते आणि हवेपेक्षा जड असल्यानं नौकेच्या तळाशी साचते, नेमकी तिथं जिथं पाणी उपसणाऱ्या पंपाचं स्विच असतं. गॅस सिलिंडरपाशी बंद करा, बॅटरीचं मुख्य स्विच बंद करा, सगळी झाकणं उघडी ठेवा, पंखा बाहेर ठेवून ताजी हवा पाइपानं तळापर्यंत सोडा. तोंडावर साधा धुळीचा मास्क नको, सेंद्रिय वाफ अडवणाऱ्या कार्ट्रिजचाच हवा. डोकं जड वाटू लागलं की ब्रश खाली ठेवून डेकवर या आणि सोबत्यालाही वर बोलवा.