सिंक : एक नग

बँकेत असताना घरकर्जाच्या शेकडो फायली माझ्या टेबलावरून गेल्या. प्रत्येकीत कंत्राटदाराचं अंदाजपत्रक असे आणि ते वाचण्याची मला हळूहळू गोडी लागली. कादंबऱ्या लिहिणाऱ्या माणसाला दुसऱ्याचं घर आतून पाहण्याची याहून सोपी वाट कुठली? हॉलच्या फरशीचा प्रकार, तिचा चौरस फुटाचा दर, मुख्य दाराचं लाकूड, त्याचं कुलूप, सगळं तपशीलवार लिहिलेलं असे. स्वयंपाकघरापाशी आलं की लेखणी आखडती होई. ‘ओटा – एक. सिंक – एक नग. नळ – एक नग.’ किती लांब, किती खोल, कशाचं, काही नाही. घरातलं कुणीतरी जिथे रोज तास-दीड तास उभं राहणार, ती जागा एका नगात आटोपलेली.

आमच्या पिढीने ही जागा जमिनीवरून वर चढताना पाहिली. लहानपणी स्वयंपाक बसून होई आणि भांडी कोपऱ्यातल्या मोरीत, राख आणि नारळाच्या शेंडीने, तीही बसूनच घासली जात. मग ओटा आला, गॅस आला, मोरी उचलून ओट्यात बसवली गेली. सोय झाली, यात वाद नाही. पण बसून करायचं काम उभ्याचं झालं, तेव्हा त्याची उंची कुणी मोजली? गवंड्याने त्याच्या सवयीने ओटा घातला, दुकानदाराने त्याच्याकडे असलेलं सिंक दिलं, प्लंबरने हाताला येईल तिथे नळ लावला. उरलेलं जुळवून घेण्याचं काम घरातल्या बाईच्या पाठीवर पडलं.

स्वयंपाकघर काम करणाऱ्याच्या हालचालींवरून मापावं, हा विचार तसा जुना आहे. १९२६ साली जर्मनीतल्या फ्रँकफर्ट शहरात सामान्य लोकांसाठी घरं उभी राहत होती. तेव्हा मार्गारेट शुट्टे-लिहोत्स्की या वास्तुविशारद बाईंनी स्वयंपाकात किती पावलं पडतात, कोणत्या कामाला किती वेळ लागतो, याचा हिशेब मांडून एक आटोपशीर स्वयंपाकघर रचलं. त्यात बसून काम करता यावं म्हणून एक फिरतं स्टूलही होतं. आपण ओटा घेतला, स्टूल तेवढं विसरलो.

दोन वर्षांपूर्वी आमच्या पुण्यातल्या फ्लॅटचं स्वयंपाकघर नव्याने करायचं ठरलं, तेव्हा सौभाग्यवतींनी दुकानात जाताना पिशवीत घरची परात घेतली. मी जरा संकोचलो. दुकानातला मुलगा हसून म्हणाला, “काकू, परात कशाला आणलीत?” “अरे, तुझ्या सिंकात हीच पडणार आहे ना रोज?” असं म्हणून तिने दोन कप्प्यांच्या एका देखण्या सिंकात परात ठेवली. ती आडवी बसेना. सोळा इंची परात तिरकी उभी करून धुवायची म्हणजे अर्धं पाणी अंगावर आणि अर्धं जमिनीवर. दोन कप्पे बशा आणि पेल्यांना बरे; परात, कढई आणि पाच लिटरचा कुकर असलेल्या घराला एकच मोठा कप्पा सोयीचा. सिंक निवडण्याची ही परीक्षा मला कुठल्याही माहितीपत्रकापेक्षा खात्रीची वाटली.

पण परात मावली म्हणून सिंक कपाटात मावतंच असं नाही, आणि बहुतेक घोळ इथेच होतो. सिंकावर लिहिलेलं २४ बाय १८ इंच हे माप बहुधा काठापासून काठापर्यंतचं असतं; आतला कप्पा त्याहून दोनेक इंच लहान. उलट सुतार सांगतो ते कपाटाचं माप बाहेरचं. २४ इंची कपाटातून दोन्ही बाजूंच्या १८ मिलिमीटरच्या फळ्या वजा केल्या की आत साडेबावीस इंच उरतात. दगडाच्या खालून सिंक बसवायचं असेल तर काठ आणि पकडी यांनाही जागा हवी. त्यामुळे २४ इंची सिंकाला २७ इंचांचं, जमल्यास ३० इंचांचं कपाट द्यावं; कपाट २४ इंचीच असेल तर २१ बाय १८चं सिंक घ्यावं. पुढून मागेही असंच. ओटा २४ इंच रुंद, सिंक १८, उरले सहा. त्यात पुढे दगडाची पट्टी भक्कम राहायला हवी आणि नळ ओट्यावर बसवायचा तर मागे अडीच-तीन इंच हवेत. म्हणून सिंक आणि नळ आधी घरात आणावेत, मग सुताराला आणि दगड कापणाऱ्याला बोलवावं. ग्रॅनाइटला एकदा मोठं भोक पडलं की ते लहान होत नाही.

खोलीची गोष्ट तर अगदी हाडामासाची आहे. हल्ली खोल सिंकाची हौस वाढली आहे, कारण त्यात उष्टी भांडी झाकली जातात. आमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या मावशींना मी विचारलं. त्या पटकन म्हणाल्या, “काका, खोल नका घेऊ. भांडी लपतात, पण कंबर धरते.” हिशेब केला तर त्यांचं बोलणं तंतोतंत खरं निघतं. ओटा ३३ इंच उंच आणि सिंक १० इंच खोल, म्हणजे तळ जमिनीपासून २३ इंचांवर. पाच फुटी बाई सरळ उभी राहून हात खाली सोडते तेव्हा तिच्या मुठी साधारण २५-२६ इंचांवर येतात. म्हणजे तळातली वाटी उचलायला प्रत्येक वेळी वाकणं आलंच. आठ इंच खोल सिंकात हेच अंतर जवळपास मिटतं. आम्ही आठ इंची घेतलं.

नळाचं गणित याहून नाजूक. धार सिंकाच्या जाळीच्या आसपास पडावी. मागच्या भिंतीलगत पडली तर मोठं भांडं खाली धरताच येत नाही. तोटी इतकी उंच हवी की खाली कुकर उभा राहील, पण फार उंच झाली की पाणी उडतं. सिंकामागे आत उघडणारी खिडकी असेल तर राजहंसाच्या मानेसारखा उंच नळ तिला अडवतो. आणखी एक गोष्ट पाण्याच्या जोराची. गच्चीवरच्या टाकीचं पाणी दर दहा मीटर उंचीला सुमारे एक किलोचा दाब देतं. वरच्या मजल्यावर टाकी जेमतेम तीन मीटर वर असते. दाब तिथे एक तृतीयांशच. ओढून बाहेर काढायच्या फवाऱ्याचे पुष्कळ नळ एवढ्या दाबावर नुसते ठिबकतात. तिथे साधा, फिरत्या तोटीचा नळच खरा. बोअरचं जड पाणी असेल तर तोटीची जाळी काढून स्वच्छ करता येते ना, तेही पाहावं. क्षार साचले की ती अधूनमधून व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवायची.

पत्र्याबद्दल दोनच गोष्टी. गेजचा आकडा जितका लहान तितका पत्रा जाड. १८ गेज म्हणजे साधारण सव्वा मिलिमीटर. आणि लोहचुंबकाच्या परीक्षेवर विसंबू नये. चांगल्या ३०४ जातीला चुंबक चिकटत नाही हे खरं, पण हलक्या २०२ जातीलाही तो चिकटत नाही. पावतीवर ३०४ लिहून घ्यावं, हे माझ्यातला बँकवाला सांगतो.

शेवटी कपाटाचं दार उघडून आत वाकून पाहावं. सांडपाण्याचा पाइप भिंतीत किती उंचीवर जातो? सिंकाचा तळ त्याच्या फार जवळ आला तर मधल्या बाकाला जागा उरत नाही. या बाकात पाणी साठून राहतं आणि तेच गटाराचा वास नि झुरळं अडवतं. तो गाळून सरळ नळी सोडणारे प्लंबर आहेत; त्यांना थांबवावं. कपाटाला पाण्याला टिकणारं प्लायवूड घ्यावं, कारण तिथे कधी ना कधी थेंब पडणारच.

एवढी मापं घ्यायला आम्हाला एक सकाळ लागली. टेपचं एक टोक सौभाग्यवतींनी धरलं होतं, आकडे मी लिहीत होतो. मावशींना मध्ये उभं केलं, तेव्हा त्या लाजल्या. म्हणाल्या, “तीस वर्षं लोकांची भांडी घासतेय, माझं माप आजपर्यंत कुणी घेतलं नव्हतं.”