हाताला कळतं ते आणि सांगावं लागतं ते

सकाळी ८
पाळी बदलते. धामणकर नाक्यामागच्या गल्ल्यांत माणसं बदलतात, यंत्रमागांचा खडखडाट तसाच चालू राहतो. इथल्या मागांवरून उतरतं ते बहुतेक ग्रे कापड. त्यावर रंग चढलेलाच नसतो. व्यापारी ते चिमटीत धरतो, अंगठ्याने चोळून बघतो आणि भाव बोलतो. भिवंडीत कापड आधी हाताला कळतं. माझ्या कामात मला याचा फार आधार वाटतो.

९.३०
मानकोलीचं गोदाम. ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या कपड्यांच्या फोटोंसाठी मी वर्णन लिहिते. ते पडद्यावर दिसत नाही. अंध माणसाच्या फोनमधलं टॉकबॅक किंवा संगणकावरचं एनव्हीडीए ते वाचून दाखवतं. वर्णन नसेल तर कानावर नुसतं ‘इमेज’ येतं, नाहीतर फाइलचा नंबर. एनव्हीडीए ऑस्ट्रेलियातल्या मायकल करन या अंध तरुणाने २००६ मध्ये सुरू केलं आणि जेम्स टेह या दुसऱ्या अंध तरुणासोबत वाढवलं. ते फुकट मिळतं. ऐकायची सोय त्यांनी केली. ऐकण्याजोगं लिहिणं हे आमचं काम.

११
एक कुर्ता. आधीची नोंद: ‘पिवळा प्रिंटेड, आकर्षक’. ‘आकर्षक’ मी खोडते, कारण त्यावरून काहीच कळत नाही. लिहिते: ‘फिकट पिवळ्या जमिनीवर करंगळीच्या नखाएवढी पांढरी फुलं, विरळ. गोल गळा, पुढे चार बोटं पट्टी, तीन लाकडी बटणं. बाही कोपराच्या खाली. लांबी पोटरीपर्यंत, साइड कट कमरेपासून. रेयॉन, झुळझुळीत. अस्तर नाही; उन्हात आतलं दिसतं.’

शेवटच्या वाक्यासाठीच मी ही नोकरी करते, असं कधीकधी वाटतं. कापड पातळ आहे हे बोटांना कळेल. उजेडात त्यातून किती दिसतं, हे मात्र डोळस माणसानेच सांगायला हवं, आणि ते विकत घेण्याआधी.

१.१५
डबा उघडला तेवढ्यात कल्याणहून काकूंचा फोन. काचबिंदूने त्यांची नजर गेली, पण रंग सगळे आठवतात. मोरपिशी म्हटलं की त्यांना पुरतं. जन्मांध मैत्रिणीला मी त्याच रंगाचं दुसरं अंग सांगते: तो कशावर शोभतो, कुठे उठून दिसतो, ऑफिसात चालेल का.

“अगं, साडीचा काठ-पदर कळला. पण लग्नात चारचौघींत भडक वाटेल का?”

“काकू, जरीचा काठ रुंद आहे, लांबून चमकतो. मला विचाराल तर जरा जास्तच.”

“मग घेतेच!”

म्हणूनच आधी वर्णन, मग मत, आणि मत हे मत म्हणूनच सांगायचं. काय नेसायचं ते काकू ठरवतील. अंध माणसाने साधं, मळखाऊ घालावं असं परस्पर ठरवून टाकणाऱ्यांचा मला राग येतो.

३.३०
बैठक. सगळ्या मालाला एवढं लिहायला वेळ कुठून आणायचा, हा प्रश्न दरवेळी निघतो. मी २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम ४२ काढते: त्यात इलेक्ट्रॉनिक माध्यमांसाठी ध्वनिवर्णनाचा स्पष्ट उल्लेख आहे. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवा वापरता येणं हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला. आज एवढं ठरलं की गळा, लांबी, अस्तर आणि पारदर्शकपणा हे रकाने भरल्याशिवाय नोंद पुढे जाणार नाही.

५
आणखी एक मागणी लिहून ठेवते. कुर्ता आणि ओढणीची जोडी धुण्यात वेगळी होऊ नये म्हणून काकू दोन्हींच्या आतून सारखंच बटण टाकतात. दुसऱ्या जोडीला दोन बटणं. ही खूण शिवतानाच लेबलवर उठावात देता येईल. खर्च फार नाही.

६.१५
उद्याच्या मालाची यादी आली. पुरुषांचे शर्ट, सगळ्यांपुढे एकच शब्द, ‘चेक्स’. चौकडी बारीक की मोठी, रेघा किती रंगांच्या, खिशावर जुळल्यात की नाहीत, हे बघायला सकाळी नमुने टेबलावर मागवून घेतले.